पिस्टनवर लिहिलेले कारण

टू-स्ट्रोक गाडीचा पिकअप गेला, किक हलकी लागू लागली, सायलेन्सरमधून धूर वाढला, की गॅरेजमध्ये निकाल ठरलेला असतो : पिस्टन गेला, ब्लॉक बोअर करावा लागेल. बऱ्याचदा तो निकाल बरोबरही असतो. नवा पिस्टन पडतो, गाडी पुन्हा पळू लागते आणि मालक खूश होतो. पण पुढचा पावसाळा यायच्या आत तीच गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, तर पहिल्या वेळी दुरुस्ती झाली होती, निदान झाले नव्हते, असेच म्हणावे लागते. पिस्टन झिजला हे शोधणे सोपे आहे. तो का झिजला हे शोधणे म्हणजे निदान, आणि या प्रकरणाचा सगळा भर त्यावरच आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात हा विषय आजही जिवंत आहे, याचे कारण यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ मध्ये भारतीय बाजारात आणलेली आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली ही ९८ सीसीची गाडी. सुमारे ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन, त्यामुळे ती कच्च्या रस्त्यावर भलतीच चपळ चालते. जाड नक्षीचे टायर, उंच मडगार्ड आणि मोठे मागचे स्प्रॉकेट लावून कित्येकांनी तिची ऑफ-रोड गाडी करून घेतली आहे. जोडीला जुन्या येझदी आणि राजदूतही आहेत. टिटवाळा-खडवलीकडच्या नदीकाठच्या वाटा, मलंगगडाच्या पायथ्याची गावे, बारवी धरणाच्या बाजूचा चढउतार, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतले पाड्यांकडे जाणारे रस्ते, ही त्यांची धावण्याची ठिकाणे. (येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे आणि वनखात्याच्या इतर हद्दीत गाडी वाटेबाहेर घालू नये, हे आधीच सांगितलेले बरे.)

इंजिनाच्या दृष्टीने हा मुलूख कठीण आहे. उन्हाळ्यात दगडखाणींची आणि वीटभट्ट्यांची धूळ, पावसाळ्यात चिखल आणि ओढे, आणि बारमाही पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली चढण. या तिन्हींचा मार पिस्टनवर कसा पडतो हे कळण्यासाठी आधी पिस्टनचे काम समजून घ्यायला हवे.

एकाच पिस्टनकडे तीन कामे

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणे आणि जळका वायू बाहेर सोडणे ही कामे व्हॉल्व्ह करतात. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९१ च्या सुमारास साध्या टू-स्ट्रोकची जी रचना मांडली, तिच्यात ही जबाबदारी पिस्टनवरच आली. ब्लॉकच्या भिंतीत खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली जाताना त्या झाकतो आणि उघडतो. शिवाय तो खाली येताना क्रँककेसमधले मिश्रण दाबून ट्रान्सफर पोर्टमधून वर ढकलतो. म्हणजे वरून तो स्फोटाचा दाब झेलतो, खालून पंपाचे काम करतो आणि बाजूंनी दारे उघडतो-मिटतो. आरएक्स १०० मध्ये मिश्रण आत येण्याच्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह आहे, पण बाकीची दारे पिस्टनच्याच ताब्यात आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पिस्टनच्या रिंगांना दर फेरीत पोर्टच्या कडांवरून घसरत जावे लागते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, पिस्टनला वेगळे वंगण मिळत नाही. पेट्रोलबरोबर जेवढे टू-टी ऑइल येईल तेवढेच. आरएक्स १०० ला त्यासाठी ऑटोल्यूब पंप आहे, येझदीत ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळतात. कार्बोरेटरमधून जे आत शिरेल, मग ते ऑइल असो, धूळ असो की पाणी, ते आधी क्रँककेसमध्ये जाते, क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनच्या स्कर्टला (रिंगांखालच्या भिंतीला) लागते आणि मगच जळण्यासाठी वर जाते.

आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १०० वेळा खाली-वर होतो, आणि त्याचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर पडतो. या वेगाने घासणाऱ्या दोन धातूंमध्ये असते ती ऑइलची केवळ एक पातळ साय.

पाच शतांश मिलिमीटरचा हिशेब

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि ब्लॉकच्या आतली स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. आकडे घालून पाहू. ५० मिमी व्यासाचा पिस्टन १०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.१ मिमीने वाढतो. तेवढ्याच तापमानवाढीत बिडाचा बोअर साधारण ०.०५५ मिमीने वाढतो. फरक राहिला जवळपास ०.०५ मिमीचा. आता एवढ्या आकाराच्या एअर-कूल्ड इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यात थंड असताना ठेवलेली फटही साधारण ०.०४ ते ०.०५ मिमीच असते. म्हणजे ही फट ब्लॉक आणि पिस्टन एकमेकांच्या बरोबरीने तापतील या भरवशावर ठेवलेली आहे. चढावर कमी वेगात वारा लागत नाही, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा ऑइल कमी पडते, तेव्हा पिस्टन ब्लॉकच्या पुढे जाऊन तापतो. फट संपते आणि पिस्टन बोअरला चिकटतो. त्यालाच आपण इंजिन सीज झाले म्हणतो.

याउलट धुळीने पिस्टन झिजला तर हीच फट वाढत जाते. मग पिस्टन बोअरमध्ये डुलतो, रिंग भिंतीवर सपाट बसत नाही, दाब निसटतो. एकच भाग दोन विरुद्ध मार्गांनी जातो : एकात फट संपते, दुसऱ्यात ती प्रमाणाबाहेर वाढते. गॅरेजमध्ये मात्र दोन्हींना 'पिस्टन गेला' असेच म्हणतात.

पिस्टनच्या नावावर खपणारे आजार

इंजिन उघडण्याआधी पिस्टनसारखी लक्षणे दाखवणारे बाकीचे दोष बाजूला काढायला हवेत.

पिकअप गेला म्हणजे पिस्टनच गेला असे नाही. सायलेन्सरमध्ये आणि एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी कार्बन साचला की टू-स्ट्रोक गुदमरतो. एअर फिल्टरचा फोम चिखलाने बसला, क्लच प्लेटा घसरू लागल्या, ब्रेक धरून राहिला, तरीही गाडी ओढत नाही. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग मागे राहतो. पिस्टन झिजलेला असेल तर आवाजच चढत नाही.

धुराचेही तसेच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळतच असते, त्यामुळे फोर-स्ट्रोकमधला निळ्या धुराचा नियम इथे लागू पडत नाही. धूर एकाएकी वाढला आणि गिअरबॉक्समधले ऑइल महिन्या-महिन्याला कमी भरू लागले, तर संशय क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलवर घ्यावा. तो फाटला की क्रँककेस गिअर ऑइल ओढून घेते. दुसऱ्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर धूर वाढत नाही, उलट बाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस लगेच खाली येत नाही, हे त्याचे ठळक लक्षण. कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधल्या रबराला चीर गेली तरी असेच होते. हे दोन्ही दोष पुढे पिस्टन मारतात, म्हणून ते वेळीच सापडले तर पिस्टन वाचतो.

आवाजांत फरक करायला कान तयार व्हावा लागतो. पिस्टन ढिला असेल तर थंड इंजिनावर पोकळ खटखट येते आणि इंजिन तापले, पिस्टन फुगला, की ती बरीच कमी होते. गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) आणि तिचे नीडल बेअरिंग झिजले असेल तर बारीक, धारदार टणटण येते आणि ती गरम झाल्यावरही जात नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग गेले असेल तर जड ठोका खालून येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की आवाज कुठून येतो ते बऱ्यापैकी कळते.

न उघडता घ्यायच्या तीन चाचण्या

पहिली चाचणी पायाची. इग्निशन बंद ठेवून किक हळूहळू दाबा. निरोगी इंजिन एका जागी ठामपणे अडवते आणि वजन दिल्यावरच पुढे जाते. पायाच्या हलक्या भाराने किक सरकत खाली गेली तर दाब निसटतो आहे.

दुसरी चाचणी कॉम्प्रेशन गेजची. इंजिन थोडे चालवून गरम करा. प्लग काढा, त्याची टोपी बॉडीला अर्थ करा, गेज घट्ट बसवा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत जोमाने किका मारा. ॲक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा असतो, कारण आत हवाच पुरेशी जात नाही. अशा लहान एअर-कूल्ड टू-स्ट्रोकमध्ये आकडा १०० पीएसआयच्या वर दिसणे चांगले. ९० च्या खाली गेला की गाडी सुरू व्हायलाच त्रास देऊ लागते. पण गेजागणिक आकडे बदलतात. म्हणून नव्या पिस्टनवर स्वतःच्या गेजने घेतलेला आकडा डायरीत लिहून ठेवावा आणि पुढे त्याच्याशी तुलना करावी. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा उसळला तर गळती रिंग आणि बोअर यांच्यामधून आहे. तसाच राहिला तर हेडची गॅस्केट, हेडचा सपाटपणा किंवा पिस्टनच्या माथ्याचे भोक तपासावे.

तिसरी चाचणी डोळ्यांची आणि ती टू-स्ट्रोकच्या मालकालाच लाभते. सायलेन्सरचे दोन नट काढले की एक्झॉस्ट पोर्ट उघडे पडते. बॅटरीचा प्रकाश आत टाकून किक हाताने हळूहळू फिरवली की पिस्टनची पुढची बाजू आणि रिंगा समोरून सरकत जातात. स्कर्टवर उभे ओरखडे आहेत का? रिंगा स्वच्छ चकाकतात की काळ्या पडून खाचेत अडकल्या आहेत? लाकडी काडीने हलकेच दाबल्यावर रिंग आत जाऊन परत येते का? रिंगेखालचा भाग तपकिरी-काळा करपलेला दिसला तर जळता वायू रिंगेला वळसा घालून खाली जातो आहे. ब्लॉक न उतरवता, दहा मिनिटांत एवढे सगळे कळते.

जुना पिस्टन वाचताना

ब्लॉक उतरवल्यावर पिस्टन लगेच पेट्रोलने धुऊन टाकू नये. कोणती बाजू एक्झॉस्टची आणि कोणती कार्बोरेटरची हे लक्षात ठेवून आधी तो नीट पाहावा. पुरावा त्याच्यावरच असतो.

स्कर्ट राखाडी, निस्तेज, बारीक उभ्या रेघांनी भरलेला आणि कार्बोरेटरच्या बाजूला अधिक झिजलेला असेल तर ते धुळीचे काम. आपल्याकडची धूळ बहुतांशी बेसाल्टची, आणि बेसाल्टमधली खनिजे पिस्टनच्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. फिल्टरच्या फोमला तेल लावलेले नसते, किंवा फिल्टर बॉक्स आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी पाइप सैल असतो, म्हणून ती आत शिरते. त्या पाइपच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहावे. बोटाला माती लागली तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. धूळ क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे अशा वेळी रॉडचे बेअरिंगही तपासलेच पाहिजे. रॉड सरळ वर-खाली ओढून पाहावा. आडवी हालचाल थोडी असतेच, पण उभी हालचाल अजिबात जाणवता कामा नये.

स्कर्टवर चार ठिकाणी, जवळपास समान अंतरावर चिकटल्याच्या खुणा असतील तर पिस्टन ब्लॉकपेक्षा फार लवकर तापला. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर ताणले, तापलेले इंजिन ओढ्याच्या पाण्यात घालून ब्लॉक एकदम गार केला, किंवा बोअर करताना फट कमी ठेवली, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

ओरखडे मुख्यतः एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर ती बाजू मुळातच सर्वाधिक तापते, त्यामुळे ऑइल कमी पडणे किंवा मिश्रण पातळ होणे यांचा घाव तिथेच आधी बसतो. ऑटोल्यूब असेल तर टाकी कधी कोरडी पडली होती का, हे विचारावे. टाकी पुन्हा भरली तरी नळीत हवेचा बुडबुडा राहतो आणि पंपाची हवा काढेपर्यंत इंजिन कोरडे चालते. मिसळीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक धोका उताराचा आहे. माळशेजसारखा लांब घाट गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून उतरले, तर इंजिनाच्या फेऱ्या चढलेल्या असतात आणि पेट्रोलच जात नसल्याने त्याच्यासोबतचे ऑइलही जात नाही. म्हणून अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर थोडा द्यावा.

पिस्टनच्या माथ्यावर, विशेषतः कडेला, बारीक खड्डे पडले असतील आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चकाकते कण चिकटले असतील, तर जळण अवेळी आणि झटक्याने होत होते. इग्निशनचे टायमिंग पुढे गेलेले, मिश्रण पातळ, किंवा हेड घासून कॉम्प्रेशन वाजवीपेक्षा वाढवलेले, यांपैकी एक कारण निघते.

आणि यांपैकी काहीच नसेल, स्कर्ट सगळीकडे सारखा गुळगुळीत झाला असेल, तर तो पिस्टन आपले आयुष्य जगून झिजलेला आहे. त्याला खुशाल निरोप द्यावा.

मोजल्याशिवाय बोअर नाही

डोळ्यांनी कारण कळते, पण पिस्टन-ब्लॉक ठेवायचा की बदलायचा हे मोजमापच ठरवते. सर्वांत सोपे मोजमाप रिंगेच्या तोंडाचे. रिंग काढून बोअरमध्ये ठेवावी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून ती सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज सरकवून पाहावा. ५० मिमीच्या बोअरला नव्या रिंगेची फट ढोबळमानाने ०.१५ ते ०.३५ मिमी असते. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. जुनी रिंग जास्त फट दाखवते म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. नवी रिंग घालून मोजावे. नव्या रिंगेचीही फट जास्त आली तर रिंग निर्दोष आहे, बोअरच मोठा झाला आहे.

त्यानंतर बोअर गेजने ब्लॉक वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजतात. वर-खालच्या मापांतला फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला किंवा बोअरची गोलाई बिघडली असेल, तर नुसत्या रिंगा बदलून काही साधत नाही. पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर आणि गजन पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजतात, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो. बोअर आणि पिस्टन यांच्या मापांतली वजाबाकी ०.१ मिमीपर्यंत पोचली असेल तर बोअर करण्याची वेळ आली.

ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांनी मिळतात. प्रत्येक वेळी बोअर करणे म्हणजे ब्लॉकच्या आयुष्यातली एक पायरी खर्च करणे. जुन्या गाडीचा मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाही, त्यामुळे निदानाशिवाय खर्ची पडलेली पायरी फार महाग पडते.

नवा पिस्टन घालण्यापूर्वी

पिस्टन आधी विकत घ्यावा, तो मोजावा, आणि त्याच्या मापाप्रमाणे ब्लॉक बोअर आणि होन करून घ्यावा. नुसता ब्लॉक पाठवून 'पन्नासचा मारा' असे सांगू नये. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या बारीक घासून बोथट केल्या नाहीत तर रिंग कडेला अडकून तुटते. घाईच्या कामात ही पायरी सर्रास गळते, म्हणून ब्लॉक ताब्यात घेताना पोर्टच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. होनिंगची भुकटी पेट्रोलने पुरती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन, पांढरे फडके फिरवल्यावर पांढरेच राहील इथवर ब्लॉक धुवावा आणि लगेच ऑइल लावावे. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची टोके खाचेतल्या पिनांवर बसलेली, आणि गजन पिनचे लॉक नवे. जुने लॉक उडाले तर नवा बोअर एका क्षणात खलास होतो.

त्याआधी मूळ कारण दूर झालेले असले पाहिजे. संशय हवेच्या गळतीवर असेल तर एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडे रबराने बंद करून इंजिनात साधारण ६ पीएसआय इतकाच दाब भरावा आणि काही मिनिटे काटा पाहावा. काटा उतरू लागला तर सांध्यांवर आणि सीलवर साबणाचे पाणी सोडले की बुडबुडे जागा दाखवतात. धुळीचे प्रकरण असेल तर फिल्टरचा फोम धुऊन, तेल लावून, पिळून बसवावा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर गेल्यावर प्रत्येक फेरीनंतर आणि पावसाळ्यात भिजला की लगेच. सुरुवातीचे ५०० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर नको, एकाच वेगाने लांब धावणे नको आणि चढावर जड गिअर ओढणे नको.

कामाला सुरुवात होण्यापूर्वीच मेकॅनिकला सांगून ठेवावे, "दादा, जुना पिस्टन टाकू नका, मला बघायचाय." चांगला मेकॅनिक अशा मागणीने खट्टू होत नाही, उलट स्वतःच ओरखड्यांवर बोट ठेवून सांगू लागतो. जुन्या पिस्टनच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर तारीख, किलोमीटर, फटीचे माप आणि सापडलेले कारण लिहून तो जपून ठेवावा. पुढच्या वेळी ब्लॉक उघडला की दोन्ही पिस्टन शेजारी ठेवता येतात. खुणा त्याच जागी असतील तर कारण अजून गाडीतच आहे; खुणा नसतील तर मागच्या वेळचे निदान खरे ठरले.